परवानगीशिवाय पडलेलं विमान

पडलेलं विमान शोधून स्मारक उभारायच्या आमच्या समितीत मला घेतलं ते मी बाई आहे म्हणून. हे मी रागानं म्हणत नाही, अध्यक्षांनी फोनवर जवळजवळ हेच शब्द वापरले होते. "विषय महिला वैमानिकाचा, आणि आपल्यात एकही महिला नाही. बरं दिसत नाही हो ते." जन्मभर चंद्रपूरच्या शाळेत मी भूगोल शिकवला, नकाशा मला वाचता येतो, इंग्रजीही बरं आहे, पण यातलं काही त्यांना नको होतं. तरी मी होकार दिला. घरी बसून टीव्हीवर भांडणंच बघायची, तर ती समोरासमोर बघितलेली काय वाईट?

सगळं सुरू झालं अध्यक्षांच्या एका लेखावरून. अध्यक्ष म्हणजे निवृत्त प्राध्यापक. दुसऱ्या महायुद्धात एक विमान एटापल्लीच्या पुढच्या जंगलात कोसळलं असं जुने लोक सांगतात, असं त्यांनी रविवारच्या पुरवणीत लिहिलं होतं. कोणते जुने लोक, ते काही लिहिलं नव्हतं. तो लेख इंटरनेटवर चढला, तिकडे इंग्लंडात एका म्हातारीनं तो यंत्राकडून भाषांतर करून वाचला आणि अध्यक्षांना ईमेल केला. इंग्रजी ईमेलला उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा मात्र समितीला माझ्या इंग्रजीची आठवण झाली.

तिनं लिहिलं होतं, की तिची मावशी विमान चालवायची. युद्धात विमानं एका तळावरून दुसऱ्या तळावर नेऊन पोचवायची, असलं काम. इथं हिंदुस्थानात आल्यावर तिला टेबलावरचं काम दिलं होतं, कारण इथल्या मार्गांवर बाईला उडायची परवानगी नव्हती. एके दिवशी ठरलेला वैमानिक तापानं आडवा झाला, विमान तर जायलाच हवं होतं, म्हणून साहेबांनी डोळेझाक केली आणि मावशी जाऊन बसली. विमान पोचलंच नाही. कागदोपत्री विमान हरवल्याची नोंद आहे आणि वैमानिकाच्या नावाच्या जागी आडवी रेघ. म्हणजे सरकारी हिशेबानं ते विमान आपलं आपणच उडालं आणि आपलं आपणच पडलं.

पुढे तिनं खुणेसाठी लिहिलं होतं, की मावशीच्या डाव्या हाताच्या करंगळीला टोक नव्हतं, लहानपणी दारात सापडून ते तुटलं होतं. आणि शेवटी एकच प्रश्न. "शेवटच्या वेळी तिच्याजवळ कोणी होतं का? बाकी काही कळलं नाही तरी चालेल. आई जाताना मी तिला शब्द दिला होता, की हे मी विचारीन. आता माझंही वय झालं."

मी हे समितीत वाचून दाखवलं. शेवटचा प्रश्न दोनदा वाचला. मग कोळसा खाणीतून निवृत्त झालेले आमचे इंजिनिअर घसा खाकरून म्हणाले, "करंगळीचा आपल्याला काय उपयोग? त्यांना म्हणा, इंजिनचा नंबर पाठवा."

पहिली शोधमोहीम मुलचेऱ्याच्या अलीकडेच संपली. तिथल्या एका बंगाली गावात अध्यक्षांचा जुना विद्यार्थी राहतो, त्यानं जेवायला थांबवलं. माशाचा रस्सा इतका झणझणीत आणि भात इतका मऊ होता, की जेवण झाल्यावर इतिहासाची ओढ कोणालाच राहिली नाही. परत येताना गाडीत स्मारक कुठं बांधायचं यावरून भांडण पेटलं. अध्यक्षांना ते चंद्रपुरात हवं होतं, इंजिनिअरसाहेबांना त्यांच्या कॉलनीच्या बागेत. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! विमान कुठं पडलं ते ठाऊक नाही, बाई कोण ते धड ठाऊक नाही, पण उद्घाटनाला कोणाला बोलवायचं यावर एकमत होत आलं होतं.

दुसऱ्या खेपेला आम्ही खरंच पोचलो. सूरजागडच्या पहाडाच्या बाजूचं, माडिया लोकांचं छोटं गाव. रस्त्यानं लोखंडाच्या दगडाचे ट्रक जात होते आणि दोन्ही बाजूंची झाडं त्या लाल धुळीनं तांबडी झाली होती. इंजिनिअरसाहेबांनी कुठून तरी धातू शोधायचं यंत्र आणलं होतं. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी कानाला हेडफोन लावला, डोक्यावर खाणीतलं पिवळं हेल्मेट चढवलं आणि यंत्राची दांडी घेऊन थेट लोकांच्या धानाच्या बांधीत शिरले. मागून अध्यक्ष नकाशा उघडून बोटानं पहाड दाखवत होते.

आता तुम्हीच सांगा, त्या गावानं काय समजावं? ज्या भागात पिवळी टोपी आणि नकाशा घेऊन आलेला माणूस पुढच्या वर्षी पहाडच मागतो, तिथं हे ध्यान उगवलं होतं. पोरं धावत गेली, माणसं गोळा झाली. अंगणवाडीत काम करणारी एक बाई पुढं आली. तिचं मराठी स्वच्छ होतं आणि नजर त्याहून.

"काय शोधून राह्यले?" तिनं विचारलं.

"विमान," अध्यक्ष म्हणाले.

"विमान जमिनीत काऊन शोधता मग?"

अध्यक्षांनी महायुद्ध समजावून सांगायला घेतलं. ते जर्मनीपर्यंत पोचले तेवढ्यात यंत्र जोरात वाजलं. खाली पाहिलं तर कोणाच्या तरी नांगराचा मोडका फाळ निघाला. पण "लोहा सापडला" ही बातमी गावभर व्हायला तेवढा आवाज पुरे होता. त्याच दुपारी ग्रामसभा बसली आणि ठराव झाला. ठराव आम्हाला वाचून दाखवण्यात आला, तो असा, की आमच्या गावाच्या हद्दीत कोणतेही विमान पडलेले नाही. पडले असल्यास ते गावाचे आहे. आणि यापुढे ग्रामसभेच्या परवानगीशिवाय पडू दिले जाणार नाही.

माझ्या आयुष्यात मी इतका निर्दोष ठराव ऐकलेला नाही. मला हसू आवरेना. अध्यक्षांना तो अडाणीपणा वाटला, पण आमच्या समितीचे ठराव मी ऐकले आहेत, त्यामुळे मी गप्प राहिले. सगळा गोंधळ चालू असताना एका घराच्या पडवीत बसलेली एक म्हातारी मात्र हात वर करतानाही ठरावाकडे बघत नव्हती. ती इंजिनिअरसाहेबांचे पाय ज्या बांधीत पडत होते तिकडे बघत होती, आणि तिचा चेहरा भ्यायल्यासारखा झाला होता. तेव्हा मला वाटलं, जमिनीची काळजी असेल.

त्यानंतर समितीनं अवशेषांचा नाद सोडला आणि फायबरचं विमान करून घ्यायचं ठरवलं. चंद्रपूरच्या चौकात बसवायला. मला रांगोळी आणि पाहुण्यांची ओटी हे खातं मिळालं. तशात त्या इंग्लंडच्या भाचीचा दुसरा ईमेल आला. दोनच ओळी होत्या. "तुम्ही पाठवलेले स्मारकाच्या विमानाचे आराखडे मिळाले, आभार. माझ्या प्रश्नाचं काही कळलं का?"

मला स्वतःचीच लाज वाटली आणि समितीचा संताप आला. इतक्या जणांनी इतके महिने इतकं विचारलं होतं. विमान कोणत्या बनावटीचं, किती उंचीवरून आलं, कोणत्या दिशेनं आलं. हिनं जे विचारलं होतं ते कोणीच कोणाला विचारलं नव्हतं. पाऊस सुरू झाला की तिकडचे नाले भरतात आणि वाट बंद होते. त्याआधीच मी कोणाला न सांगता आलापल्लीची एसटी धरली, तिथून एटापल्ली, आणि पुढे एका काळीपिवळीत तेंदूपत्त्याच्या पुड्यांशेजारी अंग चोरून बसले.

अंगणवाडीच्या बाईनं मला ओळखलं. माझ्या हातात पिशवीशिवाय काही नाही हे तिनं आधी बघून घेतलं.

"मॅडम, मशीन कुठी हाये?"

"मशीन नाही. मला एकच विचारायचंय. ते विमान पडलं तेव्हा त्यातल्या बाईजवळ कोणी होतं का?"

ती मला घेऊन त्याच पडवीत गेली. ती म्हातारी तिची सासू निघाली. सुनेनं माडियात तिला काहीतरी सांगितलं. म्हातारीनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मराठीत विचारलं, "तू तिची कोन?"

"मी कोणी नाही, बाई. तिची भाची आहे दूर देशात. तिनं विचारायला सांगितलंय."

म्हातारी सुनेला हळू आवाजात काहीतरी बोलली. सून माझ्याकडे वळली तेव्हा तिचाही चेहरा उतरला होता.

"सासू म्हणते, तुम्ही बोटाचं विचारायले आले काय?"

करंगळीचा शब्द मी त्या गावात कोणापुढे काढला नव्हता. मी खाली चटईवर बसले आणि म्हटलं, "सांगा."

म्हातारीनं सांगितलं. विमान पडलं तेव्हा ती आईच्या पोटात होती. "म्हनून मी अशी चिडकी," असंही तिनं मध्येच जोडलं. धान कापून झालं होतं. झाडांचे शेंडे मोडत विमान बांधीत येऊन आदळलं. माणसं पळाली. तिची आई पोटुशी, तिला पळवेना, म्हणून ती तिथंच राहिली. विमानातून आवाज आला तो बाईचा. मग आईनं हाका मारून दुसऱ्या बायका बोलावल्या आणि सगळ्यांनी मिळून तिला बाहेर काढलं.

"जिवंत होती?"

"होती. दुसऱ्या दिवशी पहाटेपरेंत होती. आईनं मांडीवर डोकं घेतलं, पानी पाजलं. दोघी बोलल्या."

"काय बोलल्या?"

"आईले काय समजते तिचं? ते बोले, आई हो म्हने. ते बोले, आई हो म्हने."

म्हातारी थोडं वाढवूनही सांगत असावी. विमान शेपटीवर उभं राहिलं होतं, एक वाघ येऊन बघून गेला, गेलेल्या बाईचा चेहरा उन्हात हसल्यासारखा दिसला, हे सगळं मी ऐकून घेतलं आणि मनातल्या मनात वेगळं ठेवलं. पण ते "हो म्हने" मला वेगळं ठेवता आलं नाही.

"मग विमानाचं काय झालं?" हे मी विचारलंच. समितीचं पाणी मलाही लागलं होतं.

"सरकारचे लोक आले. मोठं मोठं लोखंड गाड्यावर घालून घेऊन गेले. मोजलं, बांधलं. बाईचं कोनी विचारलं नाई."

मग ती बोटावर आली. सकाळी बायकांनी तिला धुतलं तेव्हा डाव्या करंगळीचं टोक नसल्याचं आईला दिसलं. आईला वाटलं, विमानात तुटलं. आई म्हणाली, ही कोणाची तरी लेक आहे, आज ना उद्या तिची माणसं येतील. त्यांना ती आख्खी दाखवायला पाहिजे. मातीत अपुरी कशी ठेवायची? सगळ्या बायकांनी बांधी शोधली, झाडाखालचा पाला चाळला. बोट सापडलं नाही. ऊन चढायला लागलं, शेवटी तसंच ठेवावं लागलं.

"आई मरेपरेंत शोधे," म्हातारी म्हणाली. "नांगर चाले का मांगं मांगं जाये, मातीत पाहे. आमच्या बापानं लय शिव्या घातल्या. मंग मी पाहो. तुमचा तो टोपीवाला बांधीत मशीन फिरवे, मले वाटलं, आले. तिचे लोक बोट मागाले आले. आता काय सांगू?"

म्हणजे गावातल्या तरुणांनी ठराव केला तो पहाड वाचवायला, आणि या म्हातारीनं त्याला हात वर केला तो एका करंगळीच्या भयानं. आणि आम्ही शहरात बसून, गाव काही सांगतच नाही म्हणून हळहळत होतो!

मी म्हटलं, "बाई, ते बोट इथं हरवलंच नव्हतं. ती लहान होती तेव्हाच दारात सापडून तुटलं होतं. तिच्या भाचीनं मला लिहून कळवलंय. तुमच्या आईनं तिला जशी होती तशी, पूर्ण ठेवली."

तिला कळलं नाही असं वाटून सुनेनं माडियात पुन्हा सांगितलं. म्हातारीनं तिला हातानं थांबवलं.

"दारात?" ती मला म्हणाली.

"हो, दारात."

"म्हंजे आई उगाच..." ती थांबली. मला वाटलं, आता रडेल. पण ती चिडली. चांगली खणखणीत चिडली. "येवढे वर्सं काऊन नाई सांगितलं? एका मानसाले येता नाई आलं काय?"



ती काठी घेऊन उठली. गावाबाहेर वाटेच्या कडेला त्यांच्या गेलेल्या माणसांचे दगड उभे असतात. अपघातानं गेलेल्यांचे वेगळे, जरा लांब. तिथं एक दगड होता, हातभर उंच, नावबिव काही नसलेला. तोच आमच्या महिला वैमानिकाचा. वाटेच्या अलीकडे म्हातारीच्या आईचा दगड, दोघींच्या मध्ये एकही झाड नाही. आईनं सांगूनच ठेवलं होतं, की माझा असा लावा की मला तिचा दिसला पाहिजे. म्हातारी आईच्या दगडापाशी बसली आणि माडियात तिला सगळं सांगितलं. भांडत भांडत सांगितलं, मध्ये मध्ये माझ्याकडे हात करून. सूनबाई मान वळवून डोळे पुसत होती. मी काही पुसले नाहीत, वाहू दिले.

घरी आल्यावर मी ईमेल लिहिला. पहिली ओळ अशी होती, की ती एकटी नव्हती. मग बाकीचं, पाणी, मांडी, ते हो म्हणणं, आणि बोट शोधणं. वाघ गाळला.

समितीला मी अहवाल दिला. अध्यक्ष म्हणाले, हे हृद्य आहे, पण याला पुरावा म्हणता येणार नाही. इंजिनिअरसाहेबांनी विचारलं, सरकारनं लोखंड नेलं तर इंजिनवरचा नंबर कोणी उतरवून घेतला होता का? फायबरचं विमान चौकात बसलं. आधी पांढरं होतं, आता सूरजागडकडून येणाऱ्या ट्रकांच्या आणि आमच्या कोळशाच्या धुळीनं त्याचा रंग कोणता ते सांगता येत नाही. खालच्या पाटीवर उद्घाटकांचं नाव आहे, अध्यक्षांचं आहे, सहकार्य करणाऱ्यांची नावं आहेत. वैमानिकासाठी जागा पुरली नाही. मी तिथं रांगोळी काढली नाही, तब्येतीचं कारण सांगितलं.

भाचीचं उत्तर यायला वेळ लागला. मला वाटलं, आजारी पडली की काय. मग आलं. ते तसंच देते.

"हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. ते दार माझ्या आईनं लावलं होतं. ती अगदी लहान होती, मावशी तिच्या मागे धावत येत होती, आणि आईनं खेळता खेळता दार लोटलं. मावशी हरवली तेव्हापासून आई एवढंच म्हणायची, की मी तिला शेवटपर्यंत पुरेल असं एकच काही दिलं, ते हे तुटलेलं बोट. ती बाई बोट शोधत होती हे आईला कळायला हवं होतं."

मी सुनेला फोन लावला. गावात रेंज नाही, ती बाजाराला एटापल्लीला येते तेव्हाच लागतो. तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, सासूबाईंना सांगा. पुढच्या बाजाराच्या दिवशी तिचाच फोन आला.

"सांगितलं मॅडम. सासूनं तिच्या आईले पन सांगितलं, दगडापाशी जाऊन."

"काय म्हणाल्या?"

"मंग म्हने, तिच्या भाचीले कळव. म्हनाव, लेकरूच होती ना ते. लेकरं दारं लोटतेतच."

हे वाक्य मी त्याच दिवशी इंग्रजीत करून पाठवलं, आणि त्याच्या खाली मराठीतही लिहिलं.